आयात केलेल्या यंत्रासोबत तंत्र किती येतं?

२००४ मध्ये चीनने जलद रेल्वेगाड्यांसाठी जागतिक निविदा काढली. त्यात जपानच्या कावासाकीच्या गटाबरोबर झालेला करार त्यातल्या आकड्यांसाठी लक्षात ठेवावा असा आहे. एकूण ६० गाड्या, प्रत्येकी ८ डबे. त्यांपैकी ३ जपानमध्ये पूर्ण बांधून पाठवायच्या, ६ सुट्या भागांत पाठवून छिंगदाओच्या सिफांग कारखान्यात जोडायच्या आणि उरलेल्या ५१ चीनमध्येच बांधायच्या, तेही चिनी भागांचं प्रमाण वाढवत नेत.

हा क्रम शिकण्याच्या दृष्टीने अतिशय नेमका आहे. पहिल्या तीन गाड्या म्हणजे मोजमापाचा आधार. त्या चालवून बघायच्या, देखभालीचं वेळापत्रक शिकायचं, कंपनं, आवाज, ब्रेक लागायला लागणारं अंतर यांचे आकडे नोंदवून ठेवायचे. पुढच्या सहांमध्ये भाग तपासून आलेले असतात, जोडणी मात्र आपली. चाचणीत गाडी नापास झाली तर संशय आधी जोडणीवरच जातो: बोल्ट किती टॉर्कने आवळला, केबल कोणत्या क्रमाने ओढली, जिगवर (भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या चौकटीवर) सांगाडा सरळ बसला होता का. जोडणी हातात बसली की एकेक भाग स्थानिक करायला घ्यायचा, आणि आता चाचणी फसली तर नजर त्या नव्या भागाकडे. प्रत्येक टप्प्यात अनोळखी गोष्ट एकच ठेवायची, ही त्यामागची युक्ती. मधला टप्पा गाळून पहिल्याच दिवशी सगळं इथेच बनवायला घेतलं, की चाचणी फसते आणि दोष जोडणीचा, भागाचा की ड्रॉइंग चुकीचं वाचण्याचा, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

उलट्या बाजूची चूक म्हणजे मधल्याच टप्प्यात अडकून पडणं. मोटारींच्या बाबतीत हे अनेक देशांत झालं. तयार गाडीवर भरमसाट आयातशुल्क, सुट्या भागांच्या संचावर कमी, म्हणून वर्षानुवर्षं संच मागवून जोडणं चालू राहतं. संचातला एखादा भाग, समजा सायलेन्सर, इथे बनवायचा ठरवला तर परदेशी पुरवठादार संचाच्या किमतीतून त्या भागाची सूट देतो. ही सूट त्या भागाच्या खऱ्या किमतीपेक्षा बरीच कमी असू शकते. सायलेन्सर इथे १०० रुपयांत बनला आणि संचातून वजावट ४० रुपयांचीच मिळाली, तर स्थानिकीकरणातून प्रत्येक गाडीमागे ६० रुपयांचा तोटाच होतो, मग ते करतं कोण? संचाचा करार करताना भागवार वजावटीचं कोष्टक आधीच ठरवून घ्यावं लागतं. नंतर मागून ते मिळत नाही.

व्यापारातून तंत्रज्ञान पसरतं हे विधान खरं आहे, पण ते इतक्या सैलपणे केलं जातं की त्यातून काही हाती लागत नाही. अर्थतज्ज्ञ कोमिन आणि होबाइन यांनी १६६ देश आणि १५ तंत्रं घेऊन हिशोब केला, तेव्हा एखादा शोध लागल्यापासून तो देशात वापरात येईपर्यंत सरासरी ४५ वर्षं गेलेली दिसली. नव्या तंत्रांच्या बाबतीत हा काळ कमी होत गेला. माल तर या सगळ्या काळात सीमा ओलांडत होताच. म्हणजे प्रश्न माल येण्याचा नाही. कोणता माल, कोणासोबत आणि कोणत्या अटींवर आला, हा खरा प्रश्न आहे. माझं मत असं: तयार मालातून सगळ्यांत कमी शिकायला मिळतं, यंत्रातून त्याहून जास्त, दर्जेदार कच्च्या मालातून आणि सुट्या भागांतून आपण समजतो त्याहून बरंच जास्त, आणि सगळ्यांत जास्त मिळतं ते कामाच्या जागी शेजारी उभं राहून शिकवणाऱ्या माणसाकडून आणि माल परत पाठवणाऱ्या चिकित्सक गिऱ्हाइकाकडून.

तयार मालापासून सुरुवात करू. वस्तू मागवायची, खोलायची, मोजायची आणि तशीच बनवायची, हा जुना मार्ग. तो कुठे फसतो ते एका शाफ्टवरून स्पष्ट होतं. खोललेल्या यंत्रातला शाफ्ट मायक्रोमीटरने २४.९८५ मिमी भरला. नक्कल करणारा ड्रॉइंगवर २४.९८५ लिहितो आणि वर-खाली १० मायक्रॉन सूट देतो. मूळ ड्रॉइंगवर मात्र '२५ एच७' असतं, म्हणजे २५.००० पासून २४.९७९ पर्यंत काहीही चालेल. मोजलेला नग त्या पट्ट्यात खालच्या अंगाला पडलेला एक नमुना होता. आता नकलेचे शाफ्ट २४.९७५ ते २४.९९५ च्या दरम्यान बनतील. त्यांतले काही मूळ मर्यादेच्या खाली जातील आणि पुली त्यांच्यावर सैल बसेल. दहा नग खोलून मोजले तर पट्ट्याचा अंदाज येतो, एका नगावरून कधीच येत नाही.

आणि हे झालं फक्त मापाचं. पृष्ठभागाचा कठीणपणा यंत्राने मोजता येतो, पण तो थर किती खोल आहे हे शाफ्ट आडवा कापून, घासून, आम्ल लावून बघावं लागतं. थर अर्धाच दिला तर नवा भाग चाचणीत उत्तम चालतो आणि काही महिन्यांनी पृष्ठभागाचे टवके उडायला लागतात. तोवर शेकडो नग विकून झालेले असतात. वस्तू खोलून निकाल दिसतो. त्या निकालापर्यंत पोचताना कोणते मार्ग सोडून दिले ते दिसत नाही.

यंत्र आयात केलं की परिस्थिती सुधारते, कारण यंत्रात प्रक्रियेचे बरेच निर्णय आधीच घेऊन ठेवलेले असतात. याचं सगळ्यांत मोठं अलीकडचं उदाहरण म्हणजे सौर घट. सिलिकॉनच्या चकतीपासून घट बनवायचे टप्पे ठरलेले आहेत: रसायनात बुडवून पृष्ठभाग खडबडीत करणं, साधारण ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत फॉस्फरस मुरवणं, ७५-८० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन नायट्राइडचा परावर्तनरोधक थर चढवणं, चांदीच्या पेस्टने रेषा छापणं आणि शेवटी काही सेकंद तीव्र भाजणं. यातलं प्रत्येक यंत्र आणि त्याची कृती युरोप-अमेरिकेतले यंत्रविक्रेते एकत्र, चालू करून देत होते. ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्याकडे पीएचडी केलेल्या शी झेंगरोंग यांनी २००१ मध्ये वूशी इथे सनटेक काढली. यंत्रं बाहेरून, प्रशिक्षित माणसं बाहेर शिकून परतलेली, आणि गिऱ्हाईकही बाहेरचं: जर्मनीत २००० च्या कायद्याने सौर विजेला ठरावीक दर मिळू लागला होता.

पण त्याच साखळीची पहिली कडी, म्हणजे चकत्यांसाठी लागणारं अतिशुद्ध पॉलिसिलिकॉन, अशी आयती मिळाली नाही. ट्रायक्लोरोसिलेनची वाफ सुमारे ११०० अंशांना तापलेल्या सिलिकॉनच्या सळयांवर सोडून ते हळूहळू जमवतात. अमेरिका, जर्मनी, जपान इथल्या मोजक्या कंपन्यांच्या हातात ते कसब होतं आणि त्या यंत्रविक्रेत्या नव्हत्या. त्यांना पॉलिसिलिकॉन विकायचं होतं, कारखाना नव्हे. म्हणून २००८ पर्यंत त्याचे भाव आभाळाला भिडले आणि घट बनवणारे कारखाने कच्च्या मालावाचून ताटकळले. एकाच उद्योगात एक कडी काही वर्षांत देश ओलांडते आणि दुसरी अडून राहते, याचं कारण विज्ञानाची अवघडता एवढंच नसतं. त्या कडीचं यंत्र विकण्यात कुणाचा धंदा आहे का, हे आधी बघावं.

यंत्र बंदरात उतरल्यावर काय बिघडतं याबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून थोडं तपशिलात. वीजपुरवठ्याची वारंवारता घ्या. ६० हर्ट्झच्या देशात बनलेलं यंत्र ५० हर्ट्झवर लावलं की ४ ध्रुवांच्या मोटरचा समकालिक वेग मिनिटाला १८०० फेऱ्यांवरून १५०० वर येतो. त्या मोटरवर केंद्रोत्सारी पंप असेल तर प्रवाह ८३ टक्क्यांवर, दाब ६९ टक्क्यांवर आणि लागणारी शक्ती ५८ टक्क्यांवर उतरते, कारण प्रवाह वेगाच्या प्रमाणात, दाब वर्गाच्या आणि शक्ती घनाच्या प्रमाणात बदलते. गार पाण्याचा पंप असा मंदावला की मुख्य यंत्र तापायला लागतं आणि सगळे मुख्य यंत्रातच दोष शोधत बसतात.

यावर उपाय म्हणून कुणी ट्रान्सफॉर्मर लावून मोटरवर लिहिलेले ४६० व्होल्ट जसेच्या तसे देतं. ते जास्त घातक. ५० हर्ट्झवर त्या मोटरला ४६० च्या पाच-षष्ठांश, म्हणजे ३८३ च्या आसपास व्होल्ट हवेत. ४६० दिले तर लोखंडी गाभ्यातला चुंबकीय प्रवाह २० टक्क्यांनी वाढतो, गाभा संपृक्त होतो, मोटर भार नसतानाही भरपूर करंट ओढते आणि गुंडाळी जळते. वारंवारता बदलणारा ड्राइव्ह लावायचा तर त्यात व्होल्टेज आणि वारंवारता यांचं गुणोत्तर मोटरच्या पाटीवरून भरावं. ड्राइव्हचं कारखान्यातून आलेलं सेटिंग तसंच ठेवू नये.

अशाच बाकीच्या गोष्टी. पाव इंची बोल्टचा व्यास ६.३५ मिमी, त्याच्या जवळचा मेट्रिक ६ मिमी. घाईत तो भोकात जातो, एखाद-दुसरा आटा पकडतो आणि कंपनांनी निघून येतो. सूतगिरणीच्या यंत्राला हवेतली आर्द्रता ठरावीक पट्ट्यात लागते. कोरड्या हवेत धागा तुटतो आणि दमट हवेत रुळांना गुंडाळतो. ही आकडेवारी विक्रेत्याच्या माहितीपुस्तकात असते, पण 'इमारत' या सदरात, आणि इमारत बांधणारा ते पुस्तक वाचत नाही.

आता माणसांकडे वळू. ब्रिटनला हे फार आधी उमगलं होतं. यंत्रांची निर्यात आणि कुशल कारागिरांचं स्थलांतर, दोन्हीवर तिथे बंदी होती. कारागिरांवरची बंदी १८२० च्या दशकात उठली, यंत्रांवरची १८४३ मध्ये. त्या बंदीच्या काळात, १७८९ मध्ये, सॅम्युअल स्लेटर हा २१ वर्षांचा तरुण अमेरिकेला निघून गेला. बेल्परच्या जेडेडाया स्ट्रट यांच्या गिरणीत त्याने उमेदवारी पूर्ण केली होती. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट इथे मोझेस ब्राउन यांच्याकडे आर्कराइट धर्तीची सूत कातणारी यंत्रं होती, पण ती नीट चालत नव्हती. वस्तू पोचली होती, ती चालवायचं ज्ञान पोचलं नव्हतं. स्लेटरने स्थानिक लोहार-सुतारांना हाताशी धरून ती नव्याने उभी केली आणि १७९० च्या अखेरीस पाण्याच्या शक्तीवर सूत निघायला लागलं.

त्यातही एक अडथळा आला. पिंजणीच्या यंत्रावर कापूस पुढे सरकण्याऐवजी गुंडाळला जायला लागला. दोष होता चामड्यात बसवलेल्या तारेच्या दातांच्या कलण्यात. दातांचा कल कमी-जास्त झाला की कापूस धरला तरी जातो किंवा सुटतो तरी. मधला नेमका कल सापडावा लागतो. असा बारकावा आराखड्यात एका रेघेइतका असतो आणि तो पाहिलेल्या, हाताळलेल्या माणसालाच तिथे बोट ठेवता येतं.

यंत्र तेच, माणसंही शिकवलेली, तरी उत्पादन वेगळं येतं. १९१० च्या सुमाराच्या सूतगिरण्यांबद्दल ग्रेगरी क्लार्क यांचा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधला एक कामगार जेवढं काम उरकत होता, तेवढ्यासाठी ब्रिटनमध्ये दीड, जर्मनीत २.३ आणि ग्रीस, जपान, भारत, चीन इथे जवळजवळ ६ कामगार लागत होते. यंत्रं साधारण एकाच जातकुळीची होती आणि ती जगाच्या बाजारात कुणालाही विकत मिळत होती. कमी मजुरीच्या देशात जास्त माणसं लावणं हा काही अंशी शहाणपणाचाच निर्णय, हे मान्य. पण सहापटीचा फरक तेवढ्याने भरून निघत नाही.

जपानने यातून काढलेली वाट मला फार महत्त्वाची वाटते. १८८३ मध्ये ओसाका स्पिनिंगची गिरणी १०,५०० चात्यांवर सुरू झाली, ब्रिटनच्या प्लॅट ब्रदर्सच्या म्यूल या प्रकारच्या सूत कातणाऱ्या यंत्रांवर. म्यूल चालवायला वर्षानुवर्षांचं कौशल्य लागतं. काही वर्षांतच जपानी गिरण्या रिंग या दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांकडे वळल्या. ती चालवायला सोपी, पण त्यांना धागा मजबूत लागतो. आखूड धाग्याच्या स्वस्त कापसावर ती चालेनात, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या देशांचा कापूस मिसळण्याचं तंत्र बसवलं. यंत्र बाहेरचं, कापूस बाहेरचा, मिश्रणाचं प्रमाण मात्र त्यांचं स्वतःचं. पुढे १९२९ मध्ये त्याच प्लॅट ब्रदर्सने तोयोदाच्या स्वयंचलित मागाचे हक्क १ लाख पौंडांच्या कराराने घेतले. सेहेचाळीस वर्षांत विक्रेता ग्राहक झाला होता.

कच्चा माल आणि सुटे भाग यांच्या आयातीकडे धोरण ठरवणारे बहुतेक वेळा परकीय चलनाचा खर्च म्हणून बघतात. मला ते चुकीचं वाटतं. इंडोनेशियातल्या कारखान्यांच्या अभ्यासात, लागणाऱ्या मालावरचं आयातशुल्क १० टक्के-बिंदूंनी उतरलं तेव्हा तो माल आयात करणाऱ्या कारखान्यांची उत्पादकता १२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तयार मालावरचं शुल्क उतरवून मिळालेल्या फायद्याच्या किमान दुप्पट. भारतात १९९१ नंतर देशी कंपन्यांनी जी नवी उत्पादनं काढली, त्यांतल्या ३१ टक्क्यांचं श्रेय अशाच एका अभ्यासाने कच्च्या मालावरच्या शुल्ककपातीला दिलं आहे. कारण सरळ आहे. बेअरिंग दर्जेदार मिळालं तर स्पिंडल जास्त वेगाने फिरवून बघता येतं. पूर्वी तो प्रयोग बेअरिंगपाशीच संपत होता. आयात केलेला भाग ही नव्या प्रयोगाची परवानगी असते.

माणसं आणि कच्चा माल, दोन्ही एकत्र आले की काय होतं हे बांगलादेशाच्या कपडे उद्योगात दिसलं. त्या काळी मल्टी-फायबर करारामुळे दक्षिण कोरियाच्या कपड्यांवर श्रीमंत देशांनी कोटा, म्हणजे आयातीची कमाल मर्यादा, लावलेला होता. कोटा नसलेला देश कोरियाच्या देवू कंपनीला हवा होता. नूरुल क़ादेर यांच्या 'देश गार्मेंट्स' या बांगलादेशी कंपनीबरोबर त्यांनी करार केला आणि १९७९ मध्ये १३० जण बुसानला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेले. रॉयल्टी आणि विक्रीवरचं कमिशन मिळून विक्रीच्या ८ टक्के द्यायचे ठरले होते. १९८० मध्ये उत्पादन सुरू झालं. पहिल्या वर्षी ४३ हजार शर्ट, १९८७ मध्ये २३ लाख. आणि तोवर त्या १३० पैकी ११५ जण देश गार्मेंट्स सोडून गेले होते, स्वतःचे कारखाने काढायला किंवा दुसऱ्यांच्या कारखान्यांत. त्या कंपनीचं नुकसान झालं, देशात मात्र उद्योग पसरला.

बुसानला शिवणकाम शिकायला कशाला जायचं, शिलाई तर कुठेही येते, असं कुणी म्हणेल. शर्टाची कॉलर बघा. तिच्या आतलं अस्तर फ्यूजिंग यंत्रात उष्णतेने चिकटवतात. तापमान, दाब आणि वेळ ही तीन बटणं. तापमान कमी पडलं तर अस्तर पहिल्या धुण्यात सुटतं आणि कॉलरवर फुगे येतात. जास्त झालं तर डिंक कापडातून वर झिरपतो आणि डाग दिसतो. शिवाय यंत्राच्या पडद्यावरचं तापमान आणि डिंकापर्यंत पोचलेलं तापमान एक नसतं. मध्ये तापमानदर्शक पट्टी ठेवून ते तपासावं लागतं. कापड बदललं की तिन्ही आकडे नव्याने ठरवायचे. मग ओळीतला समतोल: एका शर्टाची कामं कितीतरी जणांत वाटलेली असतात, आणि बाही जोडणाऱ्याला ५० सेकंद व खिसा लावणाऱ्याला ३० सेकंद लागत असतील तर तासाभरात बाहीपाशी ढीग साचतो. ढीग कुठे साचतोय ते बघून माणूस हलवणं, हे सुपरवायझरचं खरं काम. ते वर्गात शिकवता येत नाही.

पण प्रशिक्षण पुरेसं नव्हतं. दोन कागदी सोयींशिवाय हा उद्योग उभाच राहिला नसता. पहिली, बाँडेड गोदाम: निर्यातीसाठी लागणारं कापड शुल्क न भरता आणून कुलुपात ठेवायचं आणि निर्यातीच्या हिशोबाने सोडवायचं. दुसरी, बॅक-टू-बॅक पतपत्र (पतपत्र म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी): परदेशी ग्राहकाने उघडलेल्या मूळ पतपत्राच्या तारणावर स्थानिक बँक कापड विकणाऱ्याच्या नावे दुसरं पतपत्र उघडते. कापडाचे पैसे शर्ट निर्यात होऊन वसुली आल्यावर फिटतात. भांडवल नसलेल्या माणसाला त्यामुळे कारखाना चालवता आला. त्या ११५ जणांना बाहेर पडून काही करता आलं ते यामुळेच. यात एक काळजी घ्यावी लागते: दुसऱ्या पतपत्राची मुदत पहिल्याच्या वसुलीशी जुळलेली हवी. शर्ट उशिरा गेले तर कापडाचे पैसे आधी देणं येतं आणि बँकेचं सक्तीचं कर्ज अंगावर पडतं.

चिकित्सक गिऱ्हाइकाचं मी वर म्हटलं, त्याला चांगला पुरावा इजिप्तमध्ये मिळाला. फुवा या गावातल्या छोट्या गालिचा विणकरांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकून निवडून, परदेशी ग्राहकांच्या ऑर्डरी मिळवून दिल्या. त्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला. पण त्याहून बोलकी होती पुढची चाचणी: निर्यात केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांना एकाच जागी, एकाच मागावर, एकच सूत देऊन तोच गालिचा विणायला सांगितला. निर्यात केलेल्यांचा गालिचा सरस निघाला. म्हणजे दर्जा महागड्या सुताचा नव्हता, हातात आलेल्या सुधारणेचा होता. कडा सरळ आहे का, गालिचा जमिनीवर सपाट बसतो का, अशा मुद्द्यांवर मध्यस्थाने माल बघून जे सांगितलं त्यातून ती आली होती.

सगळं नीट असूनही तंत्र कारखान्याच्या दारात अडतं याचं उदाहरण पाकिस्तानातल्या सियालकोटचं. फुटबॉलला २० षटकोनी आणि १२ पंचकोनी तुकडे लागतात. षटकोन रेक्झिनवर सलग बसतात, पंचकोन बसत नाहीत, मध्ये चिंध्या राहतात. संशोधकांनी पंचकोन उलटसुलट तिरके मांडणारा साचा तयार केला; रेक्झिनच्या एका तावातून आधीपेक्षा जास्त तुकडे निघायला लागले. ३५ कारखान्यांना तो फुकट दिला. पंधरा महिन्यांनंतरही तो मोजक्याच कारखान्यांत वापरात होता. कापणारा कामगार नगावर मजुरी घेत होता. नव्या साच्यावर हात बसेपर्यंत त्याचा वेग मंदावायचा आणि कमाई घटायची; वाचलेल्या रेक्झिनचा फायदा मालकाला. त्यामुळे साचा चालत नाही असं तो मालकाला सांगायचा. मग काही ठिकाणी कापणाऱ्याला, साचा चालवून दाखवल्यास साधारण महिन्याच्या कमाईएवढं एकरकमी बक्षीस देऊ केलं, आणि साचा वापरणाऱ्या कारखान्यांची संख्या लक्षणीय वाढली. नवं यंत्र आणताना मजुरीची पद्धत बदलायची का, हा प्रश्न यंत्राच्या किमतीइतकाच आधी विचारायचा असतो.

परवाना घेताना लोक पेटंटलाच तंत्र समजतात. पेटंट म्हणजे 'तुम्ही हे बनवलंत तर आम्ही दावा लावणार नाही' एवढंच. १९५३ मध्ये तोक्यो त्सुशिन कोग्यो, म्हणजे नंतरची सोनी, हिने अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिककडून ट्रान्झिस्टरचा परवाना २५ हजार डॉलरांत घेतला. बनवायचं कसं ते परवान्यात नव्हतं. १९५४ मध्ये कंपनीचे काझुओ इवामा अमेरिकेत जाऊन कारखाने बघत राहिले आणि पाहिलेलं आठवून रेखाटनांसह अहवाल पाठवत राहिले. त्यावरून इकडे यंत्रं जुळवली गेली आणि १९५५ मध्ये टीआर-५५ हा रेडिओ बाजारात आला. रेडिओच्या उच्च वारंवारतेसाठी त्यांनी फॉस्फरसची मात्रा वाढवत नेली. त्यात निघालेल्या सदोष नगांचा अभ्यास करता करता लिओ एसाकी यांना टनेल डायोड सापडला, ज्यासाठी १९७३ चं नोबेल मिळालं.

दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईने वेगळा मार्ग धरला. १९७५ च्या पोनी या मोटारीसाठी बाह्यरचना इटलीच्या जुजारोंची, इंजिन आणि गिअरबॉक्स मित्सुबिशीचं, आणि काम उभं करायला ब्रिटिश मोटार उद्योगातले जॉर्ज टर्नबुल. एकाच विक्रेत्याकडून सगळं घेतलं असतं तर ते आपसात जुळवायचं कामही त्यानेच केलं असतं. तुकडे वेगवेगळ्यांकडून घेतल्याने जुळवणी ह्युंदाईला शिकावी लागली. स्वतःचं अल्फा इंजिन १९९१ मध्ये आलं. सोळा वर्षं लागली.

एखाद्या देशाने किंवा कंपनीने यंत्र अथवा परवाना घेताना करारात काय मागावं, हे यावरून ठरवता येतं. ड्रॉइंग टॉलरन्ससह, म्हणजे मापात किती फरक चालेल त्या मर्यादांसह. भागांची यादी, प्रत्येक पदार्थाची प्रत आणि मूळ पुरवठादार यांसह. गेज (माप तपासण्याचं साधन) आणि फिक्स्चर (भाग पकडून ठेवण्याचं साधन) यांची वेगळी ड्रॉइंग. विक्रेत्याच्या कारखान्यात घ्यायची चाचणी आपल्या कच्च्या मालावर, त्यांच्या नव्हे; नंतर आपल्या जागी तीच चाचणी पुन्हा, आणि शेवटचा हप्ता त्या दुसऱ्या चाचणीनंतर. विक्रेत्याचे तंत्रज्ञ चालू करून देऊन लगेच परतू नयेत, पहिल्या मोठ्या बिघाडापर्यंत थांबावेत. आणि मागायचं जवळजवळ सगळे विसरतात ती गोष्ट म्हणजे मागच्या काही वर्षांत त्यांच्याकडे काय नापास झालं त्याची नोंदवही. उत्तम ड्रॉइंगपेक्षा ती वही जास्त शिकवते, कारण वस्तू खोलून न दिसणारे सोडून दिलेले मार्ग तिच्यातच असतात. सुधारणांबद्दलचं कलमही बारकाईने वाचावं: आपण केलेली सुधारणा विक्रेत्याला फुकट द्यायची अट असेल तर ती दुतर्फी करून घ्यावी, किंवा निदान त्यांच्या सुधारणाही आपल्याला मिळतील असं लिहून घ्यावं.

गेल्या काही वर्षांत यात निर्यात नियंत्रणाची भर पडली आहे. ती नवी गोष्ट नाही. कम्युनिस्ट देशांना जाणाऱ्या तंत्रज्ञानावर नियंत्रण ठेवणारी पाश्चात्त्य गटाची शीतयुद्धातली कोकॉम ही यंत्रणा १९९४ पर्यंत चालली आणि १९९६ पासून निर्यात नियंत्रणाची वासेनार व्यवस्था आहे. १९८७ मध्ये तोशिबाच्या एका उपकंपनीने नॉर्वेच्या कोंग्सबर्गच्या नियंत्रकांसह पाणबुड्यांचे पंखे कातणारी नऊ अक्षांची यंत्रं सोव्हिएत संघाला विकल्याचं उघड झालं तेव्हा मोठा गदारोळ उडाला होता. आज तीच चर्चा नेदरलँड्सच्या एएसएमएलच्या, १३.५ नॅनोमीटर प्रकाशावर चालणाऱ्या, चिप बनवण्याच्या यंत्रांबद्दल होते. या यंत्रात सेकंदाला ५० हजार कथिलाच्या थेंबांवर लेझर मारून प्रकाश तयार करतात, आरसे जर्मनीच्या त्साइस कंपनीचे असतात; ते खोलून नक्कल करण्याच्या पलीकडचं आहे. आणि अशा यंत्राचं आयुष्य देखभालीवर उभं असतं. म्हणून नियंत्रणाची कक्षा नव्या यंत्राच्या विक्रीवरून सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि सेवा तंत्रज्ञ यांच्यापर्यंत वाढत गेली आहे. साध्या यंत्रांच्या खरेदीतही याचा परिणाम जाणवतो. करारात तीन ओळी आवर्जून घालाव्यात: किती वर्षांचे सुटे भाग यंत्रासोबतच येतील, दूरस्थ सेवा बंद झाल्यास यंत्र जागच्या जागी चालू राहील का, आणि नियंत्रकातल्या प्रोग्रामची मूळ प्रत पासवर्डसह त्रयस्थाकडे ठेवली जाईल का.